फ्रँक म्हणा, ब्लंट का म्हणता?

ऑफिसात वार्षिक अप्रेझल झालं आणि मॅनेजरबाईंनी माझ्याबद्दल लिहिलं, काम उत्तम, बोलणं ब्लंट. लीड्समध्ये येऊन इतकी वर्षं झाली, पण हा शब्द जिव्हारी लागला.

फ्रँक लिहिलं असतं तर मी पेढे वाटले असते. फ्रँक म्हणजे ज्याच्या पोटात एक ओठात एक नसतं तो, आणि ते ऐकणाऱ्यालाही आवडतं. कँडिड जवळपास तसंच, विचारलं की आडपडदा न ठेवता सांगणारा, स्वतःची उणीवसुद्धा. आउटस्पोकन चारचौघांत मत ठणकावतो, कुणाला रुचो न रुचो. आणि ब्लंट? तोही खरंच बोलतो हो, फक्त समोरच्याला लागेल का हे बघत नाही. टॅक्टलेसला तर कुठे काय बोलावं तेच कळत नाही, निदान तिथवर तरी मला नेलं नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर हे फार नेमकं दाखवलं होतं: मी फर्म, तू ऑब्स्टिनेट, तो पिग-हेडेड मूर्ख. हट्ट एकच, पण स्वतःचा असला की ठामपणा आणि तिसऱ्याचा असला की आडमुठेपणा. आपणही तेच करतो, आपला तो स्पष्टवक्ता आणि जावेचा भाऊ फटकळ.

मी बोलले तरी काय होते? मीटिंगमध्ये म्हणाले, "टेस्टिंगला दोन दिवस पुरणार नाहीत, तारीख बदला." शेजारचा इंग्रज सहकारी नंतर तेच बोलला, पण "मला आपलं वाटतंय, थोडा जास्त वेळ मिळाला तर बरं होईल का" असं घोळवून, आणि त्याच्या फॉर्मवर थॉटफुल! त्यांची रीत वाईट नाही, कुणाचं मन दुखत नाही हे मान्य, मला त्याचं कौतुकही आहे. पण आमचे आप्पा आलं घेऊन साताऱ्याच्या मार्केट यार्डात जायचे, तिथे "आल्याला माती फार आहे, एवढा भाव नाय मिळायचा" असं तोंडावर सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडेच ते पुन्हा जायचे, गोड बोलणाऱ्याकडे नाही. त्या घरात वाढलेल्या पोरीने घोळवून बोलायचं तरी कसं?

फॉर्मच्या तळाशी आपलं म्हणणं लिहायला जागा असते. तिथे मी लिहून दिलंय की मला फ्रँक म्हणावं, आणि ती तारीख शेवटी पुढे ढकलावी लागलीच.