तीन पायऱ्या, मेणवलीचा घाट आणि ओली हळद

आमच्या स्वैपाकघराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, शहाबादी फरशीच्या, मधली थोडी खचलेली, आणि माझ्या दिवसातला सगळ्यात आवडता अर्धा तास तिथे जातो. पुण्यातली जुनी बिल्डिंग, तळमजला, मागे हातभर अंगण, त्यात एक कढीपत्त्याचं झाड आणि धुणं वाळत घालायच्या दोन तारा, बस एवढंच. पण जानेवारीत साडेसात-आठच्या सुमाराला ऊन शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवरून खाली उतरतं आणि बरोब्बर त्या मधल्या पायरीवर येऊन पडतं. मी चहाचा कप घेऊन तिथे बसते, आई वरच्या पायरीवर (तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे वरची तिची, ठरलेलीच आहे), मग ती मेथी निवडते, मी मटार सोलते, लेक डोळे चोळत येते आणि सोललेले मटार खाऊन टाकते, आणि आम्ही काहीबाही बोलतो किंवा काहीच बोलत नाही. मटाराची शेंग चांगली ताजी असेल तर सोलताना टचकन आवाज येतो ना, तो आवाज मला फार आवडतो, का ते माहीत नाही. आणि आईचा चहा पिण्याचा वेग. ती कप दोन्ही हातांत धरून ठेवते आणि चहा पिण्याआधी हात शेकून घेते.

तर हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मागच्या वीकेंडला आम्ही वाईला गेलो होतो. नवऱ्याला बऱ्याच दिवसांनी शनिवार मोकळा मिळाला आणि कुठेतरी जाऊया कुठेतरी जाऊया अशी चर्चा तीन दिवस चालली, महाबळेश्वर झालं, कोकण झालं, एक रिसॉर्ट पण बघून झालं मोबाईलवर. आई सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अगं, मला एकदा वाई बघायचीये." मी म्हणलं वाईला काय, आपण तिथून कितीतरी वेळा गेलोय की. तर म्हणे, "गेलोय, उतरलो कुठे?" खरंच की. पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागायच्या आधीचं गाव, एवढीच आमची वाई.

आईने तीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत काढली. मराठी विश्वकोशाचे ते जाडजूड खंड तिनेच कव्हरं घालून, नंबर टाकून कपाटात लावलेले, आणि ती म्हणाली की पहिलं पान उघडलं की वाईचं नाव दिसायचं, आणि तेव्हापासून तिच्या मनात होतं की एवढं मोठं काम मुंबई-पुणे सोडून नदीकाठच्या एका गावात बसून माणसं करतायत, ते गाव आहे तरी कसं. हे तिने मला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. मला खूप वाईट वाटलं आणि मग मी लगेच खोली बुक केली.

शनिवारी सहाला निघालो. कात्रज, शिरवळ, मग खंबाटकीचा घाट, घाटात ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला पण त्यात काही नवीन नाही. सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो आणि तिथून वाईच्या रस्त्याला जुने वड लागतात, दोन्ही बाजूंनी, पारंब्या कापलेल्या, बुंधे एवढे की दोघातिघांनी हात धरले तरी मिठीत येणार नाहीत. नवऱ्याने आपणहून गाडीचा एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. समोर पांडवगड दिसत होता.

वाईत पहिल्यांदा अर्थातच ढोल्या गणपती. देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. आत गणपती एवढा मोठा आहे की गाभारा त्याला अपुरा वाटतो, एका अखंड दगडातून घडवलेला, आणि नाव ढोल्या का ते बघताक्षणी कळतं. पण माझं मन खरं अडकलं ते देवळाच्या मागच्या बाजूला. सगळे दर्शन घेऊन पुढूनच परत जातात, तुम्ही जाल तेव्हा प्लीज मागे जाऊन बघा. मागची भिंत सपाट नाहीये, माशासारखी निमुळती बांधलीये, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आदळून दोन्हीकडे फाकतं आणि देवळाला धक्का बसत नाही. अडीचशेच्या वर वर्षं झाली, किती पूर येऊन गेले असतील, आणि देऊळ तिथेच आहे. लेकीला मी दोन्ही हात जोडून नावेच्या टोकासारखे करून दाखवले तर तिने नदीत उतरून स्वतःचे हात तसे धरून पाणी फाकतंय का ते बघितलं, आणि खरंच फाकत होतं, बोटांच्या दोन्ही बाजूंनी छोटी छोटी लाट.

शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळा गुळगुळीत नंदी बघण्यासारखा. वाईत कृष्णेवर असे सात घाट आहेत आणि थंडी सरता सरता एकेका घाटावर कृष्णामाईचा उत्सव होतो. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि तो शिवाजी महाराजांवर चालून निघाला तेव्हा महाराजांना यश येऊ दे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला, तेव्हापासून हा उत्सव, असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सव सुरू व्हायचा होता. परत यायला पाहिजे त्यासाठी.

मग गंगापुरीत विश्वकोशाच्या ऑफिसपाशी गेलो. सुट्टीच होती त्यामुळे बंद, आत जायचा प्रश्नच नव्हता. आई गाडीतून उतरली आणि पदर नीट करून समोर उभी राहिली, देवळासमोर उभं राहतात तशी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे प्रमुख संपादक होते, प्राज्ञपाठशाळाही वाईचीच, पहिला खंड १९७६ चा, हे सगळं तिने नातीला सांगितलं. नात म्हणाली, "आजी, म्हणजे गुगलसारखं?" आई म्हणाली, "हो, पण प्रत्येक ओळ कुणीतरी वाचून, तपासून मगच छापलेली." आणि मग तिथे बाहेरच तिने आम्हाला फोटो काढायला लावला, जी बाई लग्नाच्या फोटोतसुद्धा मान वळवून उभी आहे तिने.

आता मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा इथे आहे, सहा चौकांचा, लाकडी खांब, आत भिंतींवर जुनी चित्रं, पण खरं सांगायचं तर वाडा आम्ही भरभर पाहिला कारण मागच्या दाराने घाट दिसत होता आणि सगळ्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. काय जागा आहे ती! नदी तिथे वळण घेते आणि घाट चंद्रकोरीसारखा तिच्या अंगाला अंग लावून बांधलाय, काळ्या दगडाच्या पायऱ्या, खाली खाली पाण्यात जाणाऱ्या, शेवटच्या किती पाण्याखाली आहेत ते दिसत नाही. वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. खूप सिनेमांचं शूटिंग इथे झालंय म्हणे, पण आम्ही गेलो तेव्हा चार बायका धुणं धूत होत्या आणि एक म्हातारे आजोबा सूर्याला पाणी देत होते, एवढीच माणसं.

देवळाशेजारी एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलीये. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यातली ही एक. पंचधातूची आहे, १७०७ सालची. जवळ जाऊन नीट बघितलं तर तिच्या अंगावर मेरी आणि कडेवर बाळ येशू उठावात कोरलेले दिसतात. मी बराच वेळ बघत राहिले. नाकडोळे आता पुसट झालेत पण आईने बाळाला ज्या बाजूला घेतलंय तो हात एकदम स्पष्ट आहे. आई जवळ आली, चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाली, "लेकुरवाळी आहे गं." आणि नमस्कार केला. शंकराच्या देवळापाशी, कृष्णेच्या काठी, लेकुरवाळी मेरी. मला त्या क्षणी जे वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाहीये.

मग आम्ही बसलो. प्लॅन असा होता की मेणवली उरकून दुपारी पाचगणीला टेबललँडवर जायचं, संध्याकाळी अजून कुठलातरी पॉइंट, नवऱ्याने यादी केली होती. आई वरून पाचव्या-सहाव्या पायरीवर बसली, मी तिच्या खालच्या पायरीवर, आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण अगदी घरी बसतो तसंच बसलोय, ती वर, मी खाली, ऊन पाठीवर. थर्मासमधला चहा काढला. आईने कप दोन्ही हातांत धरला. नवऱ्याने घड्याळ बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि यादीचा कागद खिशात ठेवून तो पण चपला काढून बसला. आम्ही तिथे पावणेतीन तास होतो. खरंच, पावणेतीन तास! धुणं आपटण्याचा आवाज समोरच्या काठावर आदळून परत येत होता, म्हणजे एका धोपटण्याचे दोन आवाज, लेकीने ते शोधून काढलं आणि मग टाळ्या वाजवून वाजवून बघत बसली. खंड्या पक्षी दोनदा पाण्यात सूर मारून गेला. आईने मला तिच्या माहेरच्या विहिरीच्या पायऱ्यांबद्दल सांगितलं, तिथे तिची आई आणि ती दुपारी भांडी घासायला बसायच्या, आणि आजी ओव्या म्हणायची, आणि त्यातली एक ओवी तिने अर्धी म्हणली, पुढची आठवेना. मग ती रात्री खोलीवर झोपताना आठवली, दिवे घालवल्यावर, अंधारात म्हणाली.

पाचगणी राहिलीच. कुणालाही काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी धोम. धौम्य ऋषींच्या नावावरून धोम, धरणही तिथेच. इथल्या शंकराच्या देवळासमोर दगडात बांधलेलं कमळासारखं कुंड आहे, मध्ये मोठं कासव, कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं दिसतं. घडवणाऱ्याने कासवाची मानसुद्धा किंचित वर केलीये, ओझं आहे पण जड होत नाहीये अशी.

परत निघालो तर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीवाले होतेच, आणि त्यांच्या पुढे एक मावशी गोणपाटावर ओली हळद घेऊन बसल्या होत्या. वाईकडची हळद प्रसिद्ध आहे, तिकडे हळदीचं पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात आणि या दिवसांत काढणी सुरू होते. माती लागलेले गड्डे होते, नुकतेच उपटलेले. मावशींनी एक बोटभर कांडं मोडून दाखवलं, आत असा रंग की संध्याकाळचं ऊन गोठलंय. आई म्हणाली, "दोन किलो द्या, आणि आंबेहळद आहे का थोडी?" तीही मिळाली. "लोणचं घालणार होय?" मावशींनी विचारलं, आणि मग दोघींचं मोहरीची डाळ किती, लिंबं किती, मिठात किती वेळ ठेवायचं यावर दहा मिनिटं बोलणं झालं आणि उठताना मावशींनी मूठभर आलं वरतून घातलं. येताना खंबाटकीच्या बोगद्यातून आलो, गाडीभर ओल्या मातीचा आणि हळदीचा वास.

सोमवारी सकाळी आम्ही आमच्या पायऱ्यांवर. हळद रात्री भिजवून ठेवली होती, माती सुटली होती. मी सालं खरवडली, चमच्याच्या कडेने, सुरीने साल जास्त जातं, आणि आईने चकत्या केल्या, एवढ्या पातळ की उन्हात धरली तर पलीकडचं बोट दिसावं. आंबेहळद फिकट असते आणि कापली की कैरीचा वास येतो, डोळे मिटून घेतला तर एप्रिल महिना आहे असंच वाटेल. मीठ, भरपूर लिंबाचा रस, आल्याचे काप, हिरव्या मिरच्या, मोहरीची डाळ, आणि वर हिंगाची गार केलेली फोडणी. बरणी भरून झाली तेव्हा ऑफिसला उशीर झाला होता आणि माझी नखं पिवळीधमक होती. दिवसभर कीबोर्डवर माझी मलाच दिसत होती ती बोटं आणि दर वेळी मला घाट आठवत होता.

लेकीने मध्ये कधीतरी हळदीच्या पाण्यात हात बुडवून मधल्या पायरीवर कडेला पंजा उमटवला. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर आई म्हणाली, "राहू दे, उन्हाने जाईल आपोआप." आज गुरुवार. अंगठा गेलाय, चार बोटं अजून आहेत.