बद्द आवाज

जुलैत, म्हणजे ऐन थंडीत, ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये सकाळी गॅरेजचं शटर वर करताना बोटं बधिर होतात. आमचा सीझन हाच. सिम्प्सन वाळवंट १ डिसेंबर ते १५ मार्च उन्हामुळे बंद ठेवतात, त्यामुळे ते ओलांडायची हौस असलेले सगळे थंडीतच येतात. प्रत्येकाला उद्या निघायचं असतं आणि गाडी आजच दाखवायची असते.

त्या दिवशीची बुकिंग मेलबर्नच्या एका मराठी गृहस्थाची होती. आयटीतला माणूस, मूळचा कराडकडचा. सेकंडहँड लँड क्रूझर ७९ घेतलेली, डबल कॅब, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. फोनवरच म्हणाला होता, "गाडी पूर्ण तयार आहे, तुम्ही फक्त एकदा नजर टाका." हे वाक्य ऐकलं की मी दोन तास जास्तीचे धरतो.

गाडी आली ती मागून बसलेली. पुढे स्टीलचा बंपर, विंच, छतावर तंबू, तंबूशेजारी डिझेलचे तीन जेरीकॅन, मागे दोन फ्रिज, जनरेटर, बिडाची भांडी आणि चक्क जळाऊ लाकूड. बायको आणि वडील सोबत. वडील उतरले ते हात मागे बांधून सरळ गाडीखाली वाकून बघायला लागले. एसटीच्या कराड डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते, हे मला नंतर कळलं. मुलगा त्यांना आबा म्हणत होता, मी काका म्हणायला लागलो.

मी माझी यादी घेऊन कामाला लागलो. बेल्ट, होज, बेअरिंग, डिफचं तेल, बॅटऱ्यांचे क्लॅम्प, शॉकअपचे बुश. दोन स्टेपनी होत्या, बरं वाटलं. इथून वाळवंटाकडे जाताना जुन्या घान रेल्वेच्या मार्गाने फिंक वस्तीकडे जातात. ती लाइन १९८० साली बंद झाली, पण रुळांचे खिळे अजून वाळूत पडलेत आणि टायर शोधत असतात. मागच्या पाट्यांवर टॉर्च मारला, लाल धुळीचा थर दिसला, यू-बोल्टला पाना लावून बघितला आणि यादीत टिक केली. ती टिक अजून आठवते मला.

मग गाडी वजनकाट्यावर नेली. या जुन्या मॉडेलची भारासकट मर्यादा ३३०० किलो. काटा ३५१० वर थांबला.

"थोडंसंच जास्त आहे की," मुलगा म्हणाला.

दोनशे दहा किलो. वर ते सगळं मागच्या एक्सलच्याही मागे. असल्या डबल कॅब गाड्यांची चासी कॅबच्या पाठीमागे वाकलेली मी स्वतः पाहिली आहे, दरवाजे लागत नाहीत मग. डांबरी रस्त्यावर खपून जाईल, पण इथले कच्चे रस्ते म्हणजे पन्हाळी पत्रा आडवा टाकल्यासारखे. तासन् तास त्या लाटांवरून गेलं की शॉकअप हात लावू देत नाहीत इतके तापतात.

मी विचारलं, "पाणी किती घेतलंय?"

"साठ लिटर. शिवाय दुसऱ्या फ्रिजमध्ये कोल्ड्रिंक आहे."

वजन जास्त आणि पाणी कमी, हे दोन्ही एकाच गाडीत. खरं सांगायचं तर दर सीझनला अशा चार-पाच गाड्या येतात. मी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. माणसं तीन, वाळवंटाचे दिवस चार, अडकलात तर आणखी तीन. माणशी रोज सात लिटर. एकशे सत्तेचाळीस, म्हणजे दीडशे धरा. डिझेल मात्र ठीक होतं. वाळवंटाच्या अलीकडच्या माउंट डेअरनंतर पलीकडच्या बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशेवर किलोमीटर पंप नाही, आणि वाळूत ही गाडी शंभर किलोमीटरला पंचवीस लिटरसुद्धा पिते. टाकीत १३० आणि कॅनमध्ये ६०, पुरतं. पण कॅन छतावर नकोत. वाळूच्या टेकडीवर गाडी तिरकी झाली की डोक्यावरचं वजनच तिला आडवी करतं.

त्याला हे सगळं जरा अति वाटत होतं. मी त्याला १९६३ सालची गोष्ट सांगितली. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर डिसेंबरात वाट चुकून पेट्रोल संपलेलं पेज कुटुंब गाडी सोडून पाण्यासाठी निघालं. पाचही जण गेले. त्याच्या बायकोने काही न बोलता मागचं दार उघडलं आणि लाकडं खाली टाकायला सुरुवात केली.

सामान उतरत असताना मागून ठण्ण, ठण्ण असा आवाज आला. काकांनी माझ्या ट्रॉलीतली टॉमी घेतली होती आणि गाडीखाली अर्धे शिरून पाट्यांवर ठोकत होते. डावीकडचा सेट ठण्ण बोलला. उजवीकडे गेले. ठण्ण. ठण्ण. मग बद्द.

"अहो, इकडं या जरा."

त्यांनी परत ठोकलं. बद्द.

"मेन पाटा बोलत नाही. खरवडून बघा."

मी वायर ब्रशने धूळ काढली. यू-बोल्टच्या कडेला, केसाएवढी, गंजाच्या रंगाची रेघ. पाट्याच्या निम्म्याहून जास्त रुंदीत गेलेली. तोंडाला कोरड पडली. ही गाडी मी दोन तासांपूर्वी पास केली होती. वाळवंटातून जाणाऱ्या फ्रेंच लाइन ट्रॅकच्या मधोमध हा पाटा सुटला असता तर एक्सल मागे सरकून चाक ट्रेला घासलं असतं, आणि तिथे टो ट्रकचं बिल गाडीच्या किमतीच्या आसपास जातं.

मी तसंच सांगून टाकलं, की माझ्याकडून सुटलं. गॅरेजच्या मालकालाही सांगितलं. मुलगा भडकला, पण माझ्यावर नाही, सुट्टीवर. दोनच आठवडे रजा होती आणि पाट्यांचा सेट ॲडलेडहून ट्रकने यायचा, दीड हजार किलोमीटर. दोन दिवस गेलेच. "वेल्डिंग नाही का होणार?" असं त्याने हळूच विचारलं. काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला उत्तर द्यावं लागलं नाही.

ते दोन दिवस काका सकाळी आठला गॅरेजमध्ये हजर. चहा आमच्यासोबत. माझ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला त्यांचं इंग्रजी कळायचं नाही, त्यांना त्याचं. दोघांनी मिळून नवा सेट चढवला तरी कुठे अडलं नाही. उरलेल्या वेळात मी मुलाला टायरची हवा कमी करायला शिकवली: खडीवर अठ्ठावीस, वाळूत अठरापर्यंत, आणि बाहेर पडल्यावर कॉम्प्रेसरने परत भरायची. समोरच्याला टेकडीपलीकडून दिसावा म्हणून उंच झेंडा, यूएचएफ रेडिओवर चॅनेल १०. रेडिएटरपुढे जाळी लावली, कारण गवताचं बी तिथेच अडकतं. तशा अकराशेच्या आसपास टेकड्या आहेत. पश्चिमेकडून पूर्वेला जाणं सोपं, कारण पूर्वेचा उतार जास्त उभा असतो. सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला आणि रोज संध्याकाळी सातला कुणाला फोन करायचा ते ठरलं. मला.

दुसरा फ्रिज, जनरेटर, भांडी, टेबल-खुर्च्या आणि दोनपैकी एक टूलबॉक्स आमच्या स्टोअरमध्ये राहिलं. काट्यावर परत गेलो: पाण्यासकट ३२९०. मुलाने त्या आकड्याचा फोटो काढला.

निघायच्या सकाळी काका मोडका पाटा हातात घेऊन उभे. रेघेवरून अंगठा फिरवत होते.

"गावाकडं लोहाराला दिला असता तर दोन कोयते झाले असते याचे," म्हणाले. "घेऊ का बरोबर?"

"आबा, वजन!" मुलगा गाडीतून ओरडला.

काकांनी पाटा माझ्या हातात दिला, आणि दार लावायच्या आधी वाकून एकदा नव्या पाट्याकडे बघून घेतलं.