फाइल प्रोग्रॅममध्येच बसवताना: हास्केलमधील काही बारकावे

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइल वाचण्याचे काम आयओमध्येच (बाहेरच्या जगाशी व्यवहार करणाऱ्या कामांच्या वेगळ्या टाइपमध्ये) करावे लागते, कारण ती फाइल जागेवर असेल आणि तिच्यातील मजकूर मागच्या वेळेसारखाच असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. मात्र डेटाबेसची स्कीमा, लांबलचक एसक्यूएल क्वेरी, वेबपानाचे टेम्प्लेट किंवा लहानसा आयकॉन या फाइली कोडबरोबरच बदलतात, म्हणजे त्या खरे तर प्रोग्रॅमचाच भाग असतात. त्या कंपाइल होतानाच वाचून एक्झिक्यूटेबलमध्ये बसवणे मला केवळ सोयीचे नव्हे, तर टाइपच्या दृष्टीनेही अधिक प्रामाणिक वाटते. मग रनटाइमला हाती उरते ती एक शुद्ध बाइटस्ट्रिंग (बाइटांची माळ), जी कोणत्याही फंक्शनला सरळ देता येते. आणि फाइल सापडली नाही तर सर्व्हर कोसळण्याऐवजी बिल्डच थांबते.

यासाठी टेम्प्लेट हास्केल (कंपाइल होतानाच कोड तयार करण्याची सोय) वापरतात आणि बहुतेक जण फाइल-एम्बेड हे पॅकेज घेतात. त्यातील एम्बेडफाइल या फंक्शनला पाथ दिला की कंपाइलर फाइल वाचतो आणि त्या जागी बाइटांचे लिटरल (कोडमध्येच लिहिलेले मूल्य) ठेवतो. पूर्वी हे लिटरल बाइटांच्या लिस्टच्या रूपात कंपाइलरकडे द्यावे लागे. ६४-बिट मशीनवर लिस्टचा एक कॉन्स सेल (एका घटकाचा कप्पा) तीन वर्डचा, म्हणजे २४ बाइटांचा असतो; त्यामुळे १० एमबीच्या फाइलीची पूर्ण लिस्ट मेमरीत उभी राहिली तर नुसत्या सेलांनाच २४० एमबी लागतात. २०२० मधील जीएचसी (हास्केलचा प्रमुख कंपाइलर) ८.१० बरोबर आलेल्या टेम्प्लेट-हास्केल २.१६ ने बाइट्सप्रिमएल हे लिटरल दिले आणि मेमरीचा सलग तुकडा जसाच्या तसा पुढे पाठवता येऊ लागला. रनटाइमचा खर्च तर जवळपास शून्य आहे: बाइट एक्झिक्यूटेबलच्या केवळ-वाचनीय भागात पडून असतात, बाइटस्ट्रिंग त्यांची प्रत न काढता नुसता पत्ता आणि लांबी धरून ठेवते, आणि गार्बेज कलेक्टर त्यांच्याकडे फिरकतही नाही.

मजकूर देवनागरी असेल तर अधिक सावध राहावे लागते. ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज (अवतरणातील लिटरल इतर टाइपांसाठीही चालवणारे एक्स्टेन्शन) चालू ठेवून बाइटस्ट्रिंग म्हणून ‘मराठी’ असे लिटरल लिहिले, तर प्रत्येक कोडपॉइंटचे (चिन्हाच्या युनिकोड क्रमांकाचे) फक्त शेवटचे आठ बिट उरतात आणि हाती येते ते ‘.0> @’. (‘ठ’चा कोडपॉइंट हेक्समध्ये ०९२० असल्यामुळे त्याच्या जागी चक्क स्पेस येते.) एररही येत नाही, हे अधिक वाईट. तोच शब्द यूटीएफ-८ फाइलीत ठेवून एम्बेडफाइलने आणला, तर १५ बाइट जसेच्या तसे मिळतात आणि ते यूटीएफ-८ म्हणून डिकोड केले की टेक्स्ट (युनिकोड मजकुराचा टाइप) तयार होते. फाइल स्ट्रिंग म्हणून आणणारे एम्बेडस्ट्रिंगफाइल मी टाळतो, कारण ते बिल्ड मशीनच्या लोकेलवर (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवर) अवलंबून असते आणि लोकेल ‘सी’ असलेल्या कंटेनरमध्ये देवनागरीपाशी अडखळू शकते. मजकूर चार-सहा ओळींचाच असेल तर टेक्स्ट टाइपचे लिटरल पुरते, कारण सोर्स फाइल जीएचसी नेहमी यूटीएफ-८ मानूनच वाचतो. ओकॅमल या भाषेत तर २०१४ च्या ४.०२ आवृत्तीपासून महिरपी कंस आणि उभ्या रेघेत हवा तो मजकूर एस्केप न करता लिहिता येतो.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. फाइल बदलली आणि हास्केलचे मॉड्यूल बदलले नाही, तर ते पुन्हा कंपाइल करायचे हे कंपाइलरला कळणार कसे? फाइल-एम्बेड त्यासाठी अ‍ॅडडिपेंडंटफाइल वापरून त्या फाइलीची नोंद करते. पण कबालला (हास्केलच्या बिल्ड टूलला) मुळात काही बदलल्याचे जाणवलेच नाही तर तो जीएचसीला हाकच मारत नाही, म्हणून फाइलीचे नाव कबाल फाइलीतील एक्स्ट्रा-सोर्स-फाइल्समध्येही घालावे लागते. पॅकेज वाटपासाठी बांधताना ती मागे राहू नये म्हणूनही ते आवश्यकच आहे. एलिक्झिर या भाषेत हेच काम एक्स्टर्नल-रिसोर्स हे मॉड्यूल अ‍ॅट्रिब्यूट करते.

पासवर्ड किंवा खासगी की मात्र या मार्गाने कधीही आत नेऊ नये. एक्झिक्यूटेबल ज्याच्या हाती पडेल, तो साध्या स्ट्रिंग्ज कमांडने त्या वाचू शकतो.