काउंटीच्या ग्रँड ज्युरीतील एक वर्ष : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि राज्यघटनेनुसार त्यांपैकी प्रत्येकीत दरवर्षी किमान एक ग्रँड ज्युरी नेमावीच लागते. येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही ग्रँड ज्युरी म्हटले की खुनाचा किंवा लाचखोरीचा खटलाच आठवतो. परंतु येथील सिव्हिल ग्रँड ज्युरीचे मुख्य काम खटल्यांचे नसून काउंटी, तिच्या हद्दीतील शहरे, शाळा-मंडळे आणि विशेष जिल्हे (अग्निशमन, सांडपाणी अशा एकेका कामासाठीच्या स्थानिक संस्था) यांचा कारभार नियमाप्रमाणे चालतो की नाही, हे सामान्य रहिवाशांनी वर्षभर तपासण्याचे आहे. काही वर्षांपूर्वी अशा एका ज्युरीवर मी काम केले. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि दरवर्षी दहा डिसेंबरच्या व दहा एप्रिलच्या आत मालमत्ता कराचे दोन हप्ते ज्या काउंटीकडे भरत होतो, ती त्या पैशांचे नेमके काय करते याची मला फारच पुसट कल्पना होती. माझ्या अर्जामागे याहून मोठे कारण नव्हते.

अर्जाच्या अटी साध्या आहेत. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा, अठरा वर्षे पूर्ण केलेला असावा, त्या काउंटीत किमान एक वर्ष राहिलेला असावा, त्याला इंग्रजीचे पुरेसे ज्ञान असावे आणि तो निवडून आलेल्या पदावर नसावा. अर्जानंतर पार्श्वभूमीची पडताळणी आणि न्यायालयात मुलाखत होते. न्यायाधीशांना माझ्या शिक्षणात फारसा रस नव्हता. आठवड्यातले किती दिवस देऊ शकाल, एखाद्या स्थानिक प्रश्नावर तुमचे मत आधीच ठरलेले आहे काय आणि अठरा अनोळखी माणसांबरोबर वर्षभर जमवून घ्याल काय, एवढेच त्यांनी खोदून विचारले. निवडलेल्या अर्जदारांमधून शेवटी चिठ्ठ्या काढून एकोणीस नावे निश्चित होतात (लॉस एंजेलिसमध्ये तेवीस), आणि आदल्या वर्षीचे काही सदस्य अनुभवासाठी पुढे चालू ठेवता येतात. कायद्याने ठरलेला किमान भत्ता दिवसाला पंधरा डॉलर आणि प्रवासखर्च. पैशांसाठी कोणी येत नाही, हे उघड आहे. त्यामुळेच ज्युरीवर निवृत्तांची गर्दी असते आणि नोकरी करणारी, लहान मुले असलेली माणसे जवळपास दिसत नाहीत. ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

एक जुलैला शपथविधी झाला. शपथ गोपनीयतेची असते आणि वर्ष संपल्यावरही ती सुटत नाही. कोणी तक्रार केली, कोणाची मुलाखत झाली, खोलीत कोण काय म्हणाले, यांतले काहीही मला सांगता येणार नाही; म्हणून काउंटीचे नाव मी घेत नाही आणि पुढे लिहिलेले सारे कायद्यात असलेले किंवा प्रसिद्ध अहवालात आलेलेच आहे.

पहिले काही आठवडे काउंटी समजून घेण्यात गेले आणि हाच भाग मला सर्वांत उपयोगी वाटला. महाराष्ट्रात जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राज्याने नेमलेला जिल्हाधिकारी आणि लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद अशी दोन वेगळी कार्यालये येतात. येथे पाच सदस्यांचे सुपरवायझर्सचे मंडळ एकाच वेळी कायदे करते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि प्रशासनावर देखरेखही ठेवते. जेमतेम बाराशे वस्तीच्या अल्पाइन काउंटीत पाच सुपरवायझर आहेत आणि सुमारे एक कोटी वस्तीच्या लॉस एंजेलिसमध्येही इतकी वर्षे पाचच राहिले. तेथील मतदारांनी ही संख्या नऊवर नेण्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये संमती दिली. मंडळ एक प्रशासक नेमते, पण काउंटीचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, जिल्हा सरकारी वकील आणि मालमत्तांचे मूल्यांकन करणारा असेसर हे थेट निवडून येतात. त्यामुळे प्रशासक त्यांना हुकूम देऊ शकत नाही; मंडळाच्या हातात त्यांची तिजोरी असते, पण त्यांचे काम कसे चालावे हे ते ठरवू शकत नाही. ‘हा प्रश्न कोणाकडे न्यायचा’ याचे सरळ उत्तर काउंटीत अनेकदा मिळत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

मालमत्ता कराबाबतचा माझा समजही याच काळात बदलला. असेसर मूल्य ठरवतो, लेखा विभाग आकारणी आणि वाटणी करतो, कर वसूल करणारा तिसराच. आणि राज्यातील मतदारांनी १९७८ मध्ये मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावामुळे मूळ दर एक टक्क्यावर बांधलेला आहे, तर मालकी बदलेपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही. मी भरत असलेल्या करातला मोठा वाटा शाळांकडे जातो आणि उरलेल्यातही शहरे व विशेष जिल्हे वाटेकरी असतात.

मंडळाची कार्यक्रमपत्रिका वाचायला शिकलो, हीदेखील या वर्षाचीच कमाई. स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवणाऱ्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची पत्रिका किमान ७२ तास आधी लोकांसमोर ठेवावी लागते. सभेत वादळी चर्चा होते ती दोन-तीन विषयांवर. पण बाकीचे डझनावारी विषय ‘कन्सेंट कॅलेंडर’ या शीर्षकाखाली एकत्र बांधून एकाच मताने मंजूर होतात. मानसिक आरोग्याच्या केंद्रांशी करायचे करार, रस्त्याच्या डांबरीकरणाच्या निविदा, राज्याकडून आलेल्या अनुदानाचा स्वीकार, वाहनांची खरेदी, मागील सभेचे इतिवृत्त, सारे त्यातच. यात लपवाछपवी असते असे नाही, कारण प्रत्येक विषयाला टिपण जोडलेले असते आणि कोणीही सुपरवायझर एखादा विषय बाहेर काढून चर्चेला घेऊ शकतो. मात्र काउंटी चालते ती या यादीवर आणि ती यादी वाचणारे फार थोडे असतात. आमच्यातील एक निवृत्त लेखापाल दर सभेपूर्वी ती संपूर्ण वाचून खुणा करून आणायचे. त्यांच्या शेजारी बसून मीही ती सवय लावून घेतली.

ज्युरीच्या कामाला कायद्याच्या मर्यादा आहेत. न्यायालये, राज्य व केंद्र सरकारची खाती आणि खासगी संस्था आमच्या कक्षेबाहेर होत्या. धोरण बरोबर की चूक हे ठरवण्याचाही अधिकार नाही. ठरलेले धोरण नीट पाळले जाते की नाही, एवढेच पाहायचे. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाला एकोणीसपैकी किमान बारा मते लागतात. मुलाखतीला कधीही एकट्याने जायचे नाही आणि एखादी गोष्ट शक्यतो तीन वेगळ्या आधारांनी पक्की झाल्याशिवाय ती अहवालात लिहायची नाही, हे प्रशिक्षणात आमच्या मनावर ठसवले गेले.

काउंटीतील तुरुंगांची पाहणी मात्र ऐच्छिक नाही. दंडसंहितेने ती दरवर्षी बंधनकारक केली आहे. तेथे जाण्यापूर्वी मी २०११ च्या बदलांविषयी वाचले होते. राज्याच्या तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून अनेक कमी गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांची शिक्षा काउंटीच्या तुरुंगात भोगण्याची तरतूद झाली. जास्तीत जास्त वर्षभराच्या मुक्कामासाठी बांधलेल्या इमारतींत काही जण त्यामुळे कित्येक वर्षे राहू लागले. वर्ग भरवायला खोली कोठून आणायची, दीर्घ आजारांवर उपचार कसे करायचे, हे प्रश्न काउंटीच्या अंदाजपत्रकात कसे येऊन बसले, ते एका फेरीतही समजते.

माझी समिती छोट्या विशेष जिल्ह्यांच्या अहवालावर होती. सांडपाणी, डासनियंत्रण, अग्निशमन, स्मशानभूमी अशा एकेका कामासाठी स्थापन झालेल्या या संस्थांना स्वतःचे निवडलेले किंवा नेमलेले मंडळ आणि बहुधा करातला वाटाही असतो, पण आपल्या जिल्ह्याच्या मंडळावर कोण आहे हे सांगू शकणारा मतदार विरळाच. स्वतंत्र विशेष जिल्ह्यांनी संकेतस्थळ चालवलेच पाहिजे, असा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि पुढील सभेच्या पत्रिकेचा दुवा मुखपृष्ठावर ठळकपणे द्यायचा, ही अट त्याच्याही एक वर्ष आधीची. आम्ही केले ते काम कंटाळवाणे होते: एकेक संकेतस्थळ उघडायचे, पत्रिका, इतिवृत्त, अंदाजपत्रक, लेखापरीक्षणाचा अहवाल आणि सदस्यांची नावे सापडतात का ते तक्त्यात नोंदवायचे आणि काही दिवसांनी दुसऱ्या सदस्याने तेच पुन्हा पडताळायचे. बहुतेक ठिकाणी चित्र समाधानकारक होते. जेथे नव्हते तेथे कारण बहुधा अगदी साधे निघाले: सारा कारभार पाहणारा एकच अर्धवेळ कर्मचारी.

अहवाल लिहिणे तपासापेक्षा अवघड गेले. वस्तुस्थिती, निष्कर्ष आणि शिफारशी असे तीन थर असतात. प्रत्येक निष्कर्ष नोंदवलेल्या वस्तुस्थितीवर आणि प्रत्येक शिफारस निष्कर्षावर उभी राहावी लागते. माझी आवडती विशेषणे संपादन समितीने एकामागून एक काढून टाकली. काउंटीच्या वकिलांनी मसुदा तपासला, बारांहून अधिक मते मिळाली, न्यायाधीशांनी संमती दिली आणि प्रसिद्धीच्या किमान दोन कामकाजाच्या दिवस आधी संबंधित संस्थांना प्रत गेली.

आमच्याकडे काही दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार नव्हता. लेखी उत्तर मागण्याचा मात्र होता. महाराष्ट्र विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषदेत आली की अधिकाऱ्यांची जी धावपळ उडते ती लहानपणी वडिलांच्या कार्यालयात मी पाहिली आहे. तशी धावपळ येथे झाली नाही. येथे निवडून आलेल्या अधिकाऱ्याला साठ आणि मंडळांना नव्वद दिवसांत प्रत्येक निष्कर्ष मान्य की अमान्य हे कळवावे लागते आणि प्रत्येक शिफारशीबाबत चारांपैकी एक उत्तर निवडावे लागते: अंमल झाला, अमुक मुदतीत होईल, सहा महिन्यांच्या आत आणखी अभ्यास करू, किंवा सकारण नकार.

ही मुदत भरेपर्यंत ३० जून उलटून गेलेला होता आणि आमची ज्युरी विसर्जित झाली होती. उत्तरे मी इतर रहिवाशांप्रमाणे न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचली. बऱ्याच जिल्ह्यांनी दुवे दिले होते, एकाने शेजारच्या जिल्ह्याबरोबर मिळून कारकून नेमण्याचा विचार कळवला होता, आणि एकाने आमचा निष्कर्ष अंशतः अमान्य करून अभ्यासासाठी सहा महिने घेतले होते. त्या अभ्यासाचे पुढे काय झाले ते पाहणे नव्या एकोणीस जणांकडे होते.