बिनपगारी दिवाणजी

पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या चाहत्याचं वर्ष जूनच्या आसपास संपतं. सामने १६२ असतात आणि ते सप्टेंबरअखेरपर्यंत चालतात, पण जूनमध्ये गुणतक्ता बघितला की उरलेल्या सामन्यांत आपलं फारसं काही अडलेलं नाही हे कळून चुकतं. मग आम्ही बिऱ्हाड भविष्यात हलवतो. जुलैच्या मध्यावर ड्राफ्ट, जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत. या दोन तारखांमधले दिवस हाच आमचा खरा हंगाम. समोर मैदानात नऊ जण घाम गाळत असतात आणि आम्ही बोलत असतो कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, उजव्या कोपराबद्दल.

आयपीएलच्या लिलावावर पोसलेल्या माणसाला ड्राफ्ट पचायला वेळ लागतो. इथे संघ एकमेकांवर बोली चढवत नाहीत. शाळा-कॉलेजांतल्या पोरांची नावं संघ पाळीपाळीने पुकारतात, आणि ज्याने नाव पुकारलं त्याच्याशीच त्या पोराने करार करायचा; नाहीतर शिकत राहायचं आणि पुन्हा कधीतरी नशीब अजमावायचं. १९६५ पासून ही पद्धत आहे. आदल्या वर्षी जो जास्त हरला त्याची पाळी आधी. मुद्दाम हरू नये म्हणून आता वरच्या पाळ्यांची सोडत काढतात. पहिली सोडत डिसेंबर २०२२ मध्ये निघाली आणि साडेसोळा टक्के शक्यता असताना ती आम्हालाच लागली. त्या पहिल्या पाळीवर पुढच्या जुलैत पॉल स्कीन्स हा पिचर आला. वीस वर्षं सतत हरण्याचा विक्रम (१९९३ ते २०१२) ज्यांच्या नावावर आहे, त्यांना देव एवढं तरी देणं लागतच होता.

पण पहिली पाळी म्हणजे हमी नव्हे. २००२ साली आम्ही सगळ्यांच्या आधी ब्रायन बुलिंग्टन नावाचा पिचर उचलला. त्याने पायरेट्सना एकही सामना जिंकून दिला नाही. पुढे जपानला गेला आणि हिरोशिमाच्या संघाकडून मात्र छान चमकला. उलट माइक पियाझाचं नाव १९८८ मध्ये ६२व्या फेरीत, १३९०वं म्हणून पुकारलं गेलं, तेसुद्धा घरच्या ओळखीखातर, आणि तो आज थोर खेळाडूंच्या दालनात, हॉल ऑफ फेममध्ये आहे. संघांसाठी होतकरू पोरं हेरणारी स्काउट मंडळी त्यांना वीस ते ऐंशीच्या मोजपट्टीवर गुण देतात: फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक. पन्नास म्हणजे सर्वसाधारण. शून्यापासून सुरू का होत नाही असं मी सुरुवातीला विचारत असे. आता मीही कुणालाही बघून मनात पंचावन्न म्हणतो.

भारतात वैभव सूर्यवंशीला तेराव्या वर्षी लिलावात एक कोटी दहा लाख मिळाले आणि चौदाव्या वर्षी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं. इकडे असं होत नाही. नाव पुकारलं की पोरगा आधी पायरेट्सच्या खालच्या फळीतल्या संघात, फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला जातो, मग ग्रीन्सबरो, मग अल्टूना, मग इंडियानापोलिस, आणि एवढ्या पायऱ्या चढून उरलाच तर पिट्सबर्ग. बहुतेक जण उरत नाहीत.

यातलं अल्टूना हे माझं आवडतं ठिकाण. पिट्सबर्गहून पूर्वेला गाडीने दोन तासांच्या आत. रेल्वेचं जुनं गाव. गावाबाहेर डोंगराला वळसा घालणारं घोड्याच्या नालासारखं वळण १८५४ मध्ये बांधलेलं, आणि त्याच्यावरूनच संघाचं नाव कर्व्ह. खंडाळ्याच्या घाटात खिडकीशी बसून वाढलेल्या माणसाला ते वळण बघताना उगाचच घरच्यासारखं वाटतं. मैदानाच्या उजव्या कुंपणामागे चक्क एक रोलर कोस्टर आहे. डावी-उजवीकडे कुटुंबं, हॉट डॉग, कुणाचंही सामन्याकडे लक्ष नाही, आणि मध्येच माझ्यासारखा एखादा हातात वही घेऊन बसलेला. गेल्या ऑगस्टमध्ये मी तिथे कॉनर ग्रिफिनला बघायला गेलो. मिसिसिपीतल्या शाळेतून २०२४ मध्ये नवव्या पाळीवर घेतलेला हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारा. त्याच्या बॅट फिरवण्यावर अनेक स्काउटांना शंका होती. आठ संघांनी त्याला सोडलं. २०२५ मध्ये तो तीन पायऱ्या चढला: फटक्यांची सरासरी .३३३, २१ होमरन (म्हणजे आपले षटकार), ६५ चोरलेले, म्हणजे फटक्याविना पळून गाठलेले बेस. वय एकोणीस. मी गेलो त्या दिवशी त्याने विशेष काही केलं नाही. पण पहिल्या बेसकडे ज्या पद्धतीने तो पळाला ते बघून मी परतीच्या वाटेवर बायकोला फोन करून सांगितलं, आणि ती म्हणाली, येताना दूध घेऊन या.

आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत. सत्तरच्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये इंजिनियर म्हणून आले. कारखान्यातल्या माणसांबरोबर जेवणाच्या सुट्टीत हा खेळ शिकले. १९७९ साली पायरेट्स अंतिम मालिकेत ३-१ ने मागे पडले होते, तिथून त्यांनी बाल्टिमोरला हरवलं; एकोणचाळीस वर्षांचा विली स्टार्जेल मालिकावीर ठरला. तेव्हापासून संघाने ती मालिका पाहिलेली नाही. काकांनी तो विजय पाहिलाय आणि मी नाही, हा आमच्यातला मूळ फरक. ग्रिफिनचं कौतुक सांगायला मी गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्याला विका आणि दोन चांगले फटकेबाज आणा."

"अहो काका, असा पोरगा विकतात का? पुढची दहा वर्षं..."

"अरे, मी ऐंशीचा आहे. तुझ्या दहा वर्षांचं मी काय करू?"

"असं काय बोलता!"

"असं म्हणजे कसं? हिशेब सांगतोय. तुझ्यासारखाच."

हा 'तुझ्यासारखाच' मला टोचला, कारण खरा होता. अदलाबदलीवर आमची जी भांडणं होतात ती खेळाडूंवर नसतात, ती आमच्या वयावर असतात. काकांचं आवडतं उदाहरण १९८७चं डेट्रॉइट. ऑगस्टमध्ये टायगर्सनी छत्तीस वर्षांचा पिचर डॉइल अलेक्झांडर अटलांटाकडून आणला. त्याने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि शेवटच्या दिवसांत टोरंटोला मागे टाकून डेट्रॉइटने आपला विभाग जिंकला. बदल्यात गेला जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा पोरगा. मिशिगनमधल्याच लान्सिंगचा, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. तो अटलांटाकडून वीस वर्षं खेळला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेला. पुस्तकी चाहते हा सौदा वाईट सौद्यांच्या यादीत घालतात. काका विचारतात, "त्या सप्टेंबरात डेट्रॉइटमध्ये कुणी रडत होतं का?" मला उत्तर येत नाही.

माझं उदाहरण घरचं आहे. ३१ जुलै २०१८. पायरेट्सनी टॅम्पाकडून क्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर घेतला. दिले टायलर ग्लॅस्नाउ, ऑस्टिन मेडोज आणि एक 'नाव नंतर सांगू' खेळाडू. हा अमेरिकन सौद्यातला प्रकार मोठा गमतीचा. १९६२ मध्ये हॅरी चिटी नावाचा कॅचर (आपला यष्टिरक्षक) न्यूयॉर्कच्या मेट्सनी अशाच बोलीवर घेतला आणि शेवटी तो नंतर सांगायचा खेळाडू म्हणून त्यालाच परत पाठवलं. माणूस स्वतःच्याच बदल्यात गेला. आमच्या बाबतीत ते नाव निघालं शेन बाझ. ग्लॅस्नाउ आणि बाझ पुढे चांगले पिचर झाले, मेडोज ऑल-स्टार झाला, आणि आर्चर आमच्याकडे दुखापत आणि मार यांच्यात अडकला. त्या दिवशी काका खूश होते, आणि मीही. ती खुशी तीन-चार आठवडे टिकली. तीन-चार आठवड्यांची खुशी ही पिट्सबर्गमध्ये कमी गोष्ट नाही, असं काका अजूनही म्हणतात.

आता मथळ्यातल्या दिवाणजीकडे येतो. बेसबॉलमध्ये खेळाडू वरच्या संघात आला की साधारण पहिली तीन वर्षं त्याला संघ देईल तो पगार, पुढची तीन वर्षं लवादाच्या आधाराने वाढता, आणि सहा पुरी झाली की तो मोकळा. आम्ही चाहते या सहा वर्षांना 'कंट्रोलची वर्षं' म्हणतो आणि एखाद्याच्या फास्टबॉलचा वेग सांगावा तितक्या अभिमानाने ती सांगतो. स्कीन्सचा २०२५चा पगार पावणेनऊ लाख डॉलर होता. त्या वर्षी त्याचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, १.९७; ही जितकी कमी तितकी चांगली. आमचा संघ त्याच्यामागे इतकी भिकार बॅटिंग करत होता की त्याचा हिशेब दहा विजय, दहा पराभव असा राहिला. तरी लीगमधल्या उत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि आम्ही काय म्हणालो? "काय स्वस्तात पडलाय!"

कुणाला पडलाय? तिकीट उतरलं नाही. पार्किंग उतरलं नाही. बियरचा भाव तर स्कीन्स यायच्या आधीच स्कीन्सच्या लायकीचा होता. वाचलेला पैसा मालकाच्या खिशात, आणि तोंडाला पाणी माझ्या. याहून वाईट २०२४ मध्ये घडलं. संघाने स्कीन्सला मे महिन्यात वर आणलं. उशिरा आणलं की त्याचं पहिलं वर्ष पुरं धरलं जात नाही आणि कंट्रोल एक वर्ष लांबतं. पण नियम असा, की नवोदितांच्या पुरस्कारात पहिला किंवा दुसरा आला तर वर्ष पुरं धरायचं. तो पहिला आला. आता तो २०२९च्या हंगामानंतर मोकळा होईल. तो पुरस्कार जाहीर झाला त्या संध्याकाळी आम्हा चार-पाच जणांत जे बोलणं झालं, त्यात अभिनंदन थोडं आणि 'एक वर्ष गेलं' ही हळहळ जास्त. आपलाच पोरगा, आपल्याच गावात, आपल्या लीगमधला उत्तम नवोदित ठरला, आणि आम्ही सुतक पाळतोय! दिवाणजीला निदान महिन्याच्या एक तारखेला पगार असतो.

ही सवय कुणी लावली असेल? मला वाटतं सततच्या निरोपांनी लागली. गेरिट कोल २०११चा आमचा पहिला ड्राफ्ट. २०१८च्या जानेवारीत त्याला ह्यूस्टनला दिलं, आणि २०१९च्या अखेरीस यँकीजनी त्याला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर मोजले. तो जाणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. जाणाऱ्या माणसावर प्रेम करण्यापेक्षा त्याचा भाव काढणं सोपं पडतं. गेल्या जुलैत डेव्हिड बेडनार गेला, यँकीजकडेच. इथून जवळच्या मार्स गावात वाढलेला, आमचा शेवटचा डाव सांभाळणारा. तो गेला त्या रात्रीही आम्ही बदल्यात आलेल्या कॅचरचे गुण शोधत होतो.

एकदाच असं झालं की आम्ही काही मोजलं नाही. २००८ मध्ये भारतात वेगवान फेकीची स्पर्धा झाली. तीत निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी करार केला तो पायरेट्सनीच. ड्राफ्टमधून नव्हे; ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा, पोर्तो रिको एवढ्यापुरता. त्यांनी तोवर बेसबॉल खेळलेलाही नव्हता. मंडळात त्या हिवाळ्यात जो तो पिचिंगचा जाणकार झाला होता. एका काकूंनी तर त्या पोरांना इथे घरचं जेवण कोण देणार याची चौकशी सुरू केली. दोघेही मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. पण त्या दोघांना विकून कोण मिळेल हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

या हिवाळ्यात मात्र आमच्या संघाने वेगळंच काही केलं. २०२५ मध्ये तीसही संघांत सर्वांत कमी होमरन आमचे होते. डिसेंबरमध्ये त्यांनी तीन संघांच्या सौद्यात टॅम्पाकडून ब्रँडन लाऊ आणला. गेल्या वर्षीचे होमरन ३१, करार फक्त एका वर्षाचा उरलेला. त्यासाठी माइक बरोज हा तरुण पिचर ह्यूस्टनला गेला. मी सवयीने कागद ओढला: बरोजची कितीतरी वर्षं, लाऊचं एक. सौदा तोट्याचा. मग काकांचा फोन आला.

"एकतीस रे, एकतीस!"

मी त्यांना वर्षांचा हिशेब ऐकवायला लागलो. त्यांनी मध्येच तोडलं, "तू बस बेरजा करत. मी एप्रिलची तिकिटं बघतोय. येणार आहेस का सांग."

येणार आहे. माझी मतं तरीही तशीच आहेत. ग्रिफिनला कुणी हात लावायचा नाही. स्कीन्सला विकायची भाषा जो करेल त्याच्याशी मी बोलणार नाही. त्याला इथे ठेवायला किती लागतील तेवढे मालकाने मोजावेत, आकडा मला सांगू नये. सेथ हर्नांडेझ, म्हणजे २०२५चा सहाव्या पाळीवरचा तो कॅलिफोर्नियाचा शाळकरी पिचर, त्याच्या बदल्यात कुणी खराखुरा फटकेबाज देत असेल तर खुशाल द्या. एवढ्या कोवळ्या कोपरावर विसंबून राहण्याइतका माझा धीर उरलेला नाही, आणि या एका मुद्द्यावर काका आणि मी एकमत आहोत. येत्या जुलैत बॅट चालवणारा, कॉलेजात तीन वर्षं घासून आलेला कुणीतरी घ्या. यूसीएलएचा शॉर्टस्टॉप रॉक चोलोव्स्की आमच्या पाळीपर्यंत उरणार नाही हे मला कळतं, तरी त्याचे सामने मी रात्री जागून बघतोच.

आणि बरोज ह्यूस्टनला कसा टाकतोय हेही बघणार आहे. काकांना त्यात काडीचा रस नाही.