तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी खरंच असं दिसतं का?

माझ्या फोटोंत नदी, धबधबा, समुद्र धुक्यासारखे पसरलेले दिसतात, म्हणून लग्नाच्या पंगतीत विचारतात, फ्रेम करून देणाऱ्याच्या दुकानात विचारतात, परवा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. "पाणी खरंच असं दिसतं का हो?" आणि मी काही बोलायच्या आत, "म्हणजे कंप्युटरवर केलेलं ना?"

नाही. कंप्युटरवर केलेलं नाही. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की पाणी तसं येतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोतही 'लाँग एक्स्पोजर' निवडलं की थोडंफार तसंच होतं, हे माझ्या भाच्यानं मला दाखवून झालंय. त्याला वाटलं मी खचेन. मी खचले नाही, कारण पाणी पसरवणं हा यातला सोपा भाग आहे. बाकीचं सगळं जागेवर ठेवणं अवघड.

हे मी हरिपूरला शिकले, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथला गाळ वरून घट्ट दिसतो. ट्रायपॉड रोवावा, शटर उघडावं, आणि तेवढ्यात एक पाय जरासा खचतो. पाणी सुंदर येतं, पलीकडची झाडं मात्र डबल. मग पाय दाबून रोवायला शिकले. आधी फोकस करून तो मॅन्युअलवर टाकायचा आणि नंतरच एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळी काच) चढवायचा, हे शिकले, कारण दहा स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला धड काही दिसत नाही आणि आपल्यालाही नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, बंद. बटण बोटानं दाबायचं नाही, रिमोट किंवा दोन सेकंदांचा टायमर. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, दहा स्टॉप म्हणजे वेळ सुमारे हजारपट: उघड्या लेन्सला 1/30 सेकंद लागत असेल तर फिल्टरमागे तीसपस्तीस सेकंद. माझा पहिला स्वस्तातला फिल्टर सगळ्या जगाला तपकिरी करायचा. त्याबद्दल मी आणखी काही बोलणार नाही.

आणि किती वेळ उघडं ठेवायचं ते पाणी सांगतं, पुस्तक नाही. ठोसेघरला ऐन पावसाळ्यात अर्धा सेकंद भरपूर होतो. दहा सेकंद ठेवलेत तर धबधब्याच्या जागी नुसता पांढरा डाग येतो, आत एक रेघ नाही. कुणकेश्वरच्या खडकांवर लाट परतताना एका सेकंदात तिच्या रेघा उमटतात. अर्धं मिनिट ठेवलं तर समुद्र जाऊन धुकं उरतं. धुकं हवं असेल तर ठेवा. मला बऱ्याचदा हवं असतं, आणि इथंच तुमचा प्रश्न मला बोचतो.

माझं ठरलेलं उत्तर असं होतं: डोळ्याला पाणी असं दिसत नाही, मान्य. पण 1/2000 सेकंदाला हवेत गोठलेले थेंब तरी तुम्ही कधी पाहिलेत? त्या फोटोला कुणी "खरं का?" विचारत नाही. डोळा या दोन्हींच्या मधलं काहीतरी पाहतो आणि ते कुठल्याच फोटोत येत नाही. मग एकालाच खोटं का म्हणायचं? वर मी दागेरची, फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या फ्रेंच शोधकाची, गोष्ट सांगायचे. 1838 साली पॅरिसमध्ये त्यानं खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. तेव्हा फिल्मऐवजी असायची ती प्लेट उजेडाला इतकी मंद, की काही मिनिटं उघडी ठेवावी लागली. घोडागाड्या, माणसं, सगळी ये-जा पुसली गेली. उरला तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता. मी हे मोठ्या चवीनं सांगायचे. बघा, जो थांबला तो उरला, वगैरे.

मग 2019 चा ऑगस्ट आला, कृष्णेच्या महापुराचा. सांगलीकरांना त्याबद्दल काय सांगायचं? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून आम्ही राहिलो. लाइट नाही, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजून वापरायचं, फोन बंद करून ठेवायचे. दिवस जाता जात नव्हता. मी गच्चीवर ट्रायपॉड लावला. आभाळ भरलेलं, आयएसओ 100, एफ 11, दहा स्टॉपचा फिल्टर, तीस सेकंद. खाली गल्ली नव्हतीच, दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी होतं.

शटर उघडलं आणि कोपऱ्यावरून बोट आली. नारंगी लाईफ जॅकेटं, वल्ही, मधे समोरच्या घरातल्या काकू, काका आणि मांडीवर पिशवी. काकूंनी वर पाहिलं. मी हात हलवला. दुसऱ्या हातात रिमोट होता. एक्स्पोजर तोडून, फिल्टर काढून साधा फोटो घ्यायला वेळ होता, निदान पाठमोरी बोट तरी मिळाली असती. मी तोडलं नाही. तेव्हा तसा विचारही मनात आला नाही, हे मी स्वतःला अजून सांगते आणि अजून पूर्ण पटत नाही. बोट गल्लीच्या तोंडाशी वळली आणि शटर बंद झालं.

त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्याच ब्रह्मनाळ गावात बोट उलटली. माणसं गेली. आमच्या काकू सुखरूप पोचल्या.

फोटो चांगला आला. मी काढलेल्यांत सर्वांत चांगला, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. करड्या आरशासारखं पाणी, त्यातून वर आलेल्या पाट्या, विजेचे खांब, एक माणूस नाही. मोठी प्रिंट करून हॉलमध्ये लावली. दिवाळीत काकू फराळाचा डबा घेऊन आल्या आणि फोटोपुढं थांबल्या. आधी स्वतःचं घर शोधलं, सापडलं. मग म्हणाल्या, "हे त्याच दिवशीचं ना? तू वर उभी होतीस. आमची बोट कुठाय गं?"

मी समजावलं. शटर, तीस सेकंद, हलणारी वस्तू. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बारकाईनं पाहिलं. मधोमध एक फिकट नारंगी पट्टा आहे, सांगितल्याशिवाय कळत नाही. मी हाताचं बोट ठेवून दाखवला. "हे आम्ही?" एवढं म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि पाणी इतकं शांत नव्हतं. बोट भिंतीवर आपटत होती. ह्यांनी माझा दंड धरला होता, तो आठवडाभर काळानिळा होता." राग नव्हता. डबा रिकामा करून मागितला आणि गेल्या.

दागेरची गोष्ट मी त्यानंतर कुणाला सांगितलेली नाही. ती खोटी नाही. पण त्या रस्त्यावरनं गेलेल्या बाकीच्यांना ती कुणी सांगितली असेल का, हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता.

तरी फोटो भिंतीवर आहे, आणि यावर माझं माझ्याशीच भांडण चालतं. वल्ही मारणारे जवान, खांद्यावरची पोरं, असे फोटो त्या आठवड्यात प्रत्येक पेपरात होते. ते हवेतच. पण गच्चीवर अडकलेल्या माणसाला तो आठवडा तसा वेगवान नव्हता. मला पाणी थांबलेलंच दिसत होतं. तेच मी काढलं. मग लगेच वाटतं, थांबलेलं दिसायला तिसरा मजला लागतो. मग वाटतं, असू दे, मी तिसऱ्या मजल्यावर होते, तळमजल्यावरचा फोटो कुठून आणू? मधे काही दिवस मी प्रत्येक ठिकाणी आधी 1/500 ला एक साधा फोटो घ्यायचे, पुरावा म्हणून. ते फोटो मी नंतर उघडलेच नाहीत. सोडून दिलं.

काकू अजून येतात. फोटोकडं पाहतात, कधी पाहतही नाहीत. मी विचारलेलं नाही.

तेव्हा दाताच्या डॉक्टरांनी माझ्याकडून 'हो' किंवा 'नाही' काढायचा प्रयत्न करू नये. आणि ज्यांना खरं तर फिल्टर कुठला घ्यायचा एवढंच विचारायचं होतं, त्यांनी आधी सहा स्टॉपचा घ्यावा. सह्याद्रीत पावसाळ्यात उजेडच इतका कमी असतो, की धबधब्यांना त्याच्यापुढं काही लागत नाही. दहाचा नंतर बघा. आणि पुसायला सुती फडकी चार न्या, तीन भिजतातच.