वरच्या खोलीची केबल, भाग ५ : दुपारी दोनचं भूत

मंडळी, सापडलं, रोज दुपारी वरच्या खोलीतलं नेट मंदावण्याचं कारण. टेबलावर समोर केबलचा चार सेंटिमीटरचा तुकडा ठेवलाय. त्याच्याकडे बघून मधूनच हसू येतं आणि मधूनच तो खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटतो.

मागच्या भागात मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की बंद पडलेल्या टेलिफोनच्या पाइपातून कॅट ६ (चार जोड्यांची, म्हणजे आठ तारांची नेटवर्क केबल) वरच्या खोलीत पोहोचली, कीस्टोन (दोन्ही टोकांची सॉकेटं) बसले, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, विषय संपला. दुसऱ्याच दिवशी जेवून वर आलो, खालच्या नॅसवरून (घरातल्या फायली साठवायच्या डबीवरून) एक मोठी फाइल ओढायला लावली, तर ती सेकंदाला ११ मेगाबाइटने रांगायला लागली. लिंकचा वेग दाखवणारं इथटूल लावलं. स्पीड १०० (मेगाबिट). सकाळी तर १००० बघून खाली गेलो होतो! रीस्टार्ट केला, तरी १००. दुसऱ्या दिवशी सकाळी पीसी चालू केला, पुन्हा १०००. दुपारी पुन्हा १००.

असं तीन आठवडे.

१०० म्हणजे काय झालं असणार हे आपल्याला पाठ आहे. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, पिना १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही. १९९९ च्या ८०२.३एबी या गिगाबिटच्या मानकापासून तसंच आहे. गंमत अशी की दोन्ही टोकांची वेगाबद्दलची वाटाघाट त्या पहिल्या दोन जोड्यांवरच होते. निळी किंवा तपकिरी जोडी लंगडी असेल तर दोघं आधी १००० ठरवतात, ते जमत नाही, मग नेटवर्क कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतं. तक्रार नाही, एरर नाही. नेट चालू असतं, त्यामुळे घरात कुणाला काही कळतही नाही.

पण जोडी लंगडी असेल तर सकाळी ती धावते कशी?

संशयितांची वरात काढली. आधी पॅच कॉर्ड (सॉकेटपासूनच्या छोट्या केबली) बदलल्या, दोन्हीकडच्या. मग स्विचचा (सगळ्या केबली जिथे जोडतात त्या डबीचा) पोर्ट. मग वाटलं स्विचच तापतोय, म्हणून दोन दिवस त्याच्यावर टेबलफॅन लावून ठेवला. (आई : "त्या डबीला वारा, आणि मी इथे घामाने भिजतेय.") नंतर कार्डाच्या सेटिंगमधली वीज वाचवण्याची भानगड बंद केली. कीस्टोनमध्ये तारा दोन्ही टोकांना नव्याने पंच केल्या (ठोकून बसवल्या), टी५६८बी या रंगांच्या क्रमाने, डोळ्यांत तेल घालून. स्वस्तातलं प्लॅस्टिकचं पिवळं पंच टूल फेकून पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्प्रिंगचं दणकट टूल आणलं. हे मात्र आधीच करायला हवं होतं, त्याचा तो 'खट्' आवाज ऐकायला सुद्धा पैसे वसूल आहेत. दुपारी दोनला मात्र १०० ते १००च.

शेवटी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, दर मिनिटाला लिंक स्पीड आणि वेळ नोंदवायची. चार दिवसांची नोंद समोर आली तेव्हा ट्यूब पेटली. लिंक रोज पावणेदोन ते सव्वादोनच्या दरम्यान तीनेक सेकंद तुटते आणि परत येते ती १०० वर. एकदा १०० वर आली की लिंक स्वतःहून काही वर चढत नाही, त्यामुळे रात्रीपर्यंत तशीच. मी रात्री पीसी बंद करतो, सकाळी नवी वाटाघाट होते, म्हणून १०००. आणि चारांपैकी एका दिवशी घसरण झालीच नाही. त्या दिवशी साताऱ्यात दिवसभर मळभ होतं.

आमचा पाइप पश्चिमेच्या भिंतीतून वर जातो. एप्रिलमधली पश्चिमेची भिंत दुपारी हाताला चटका देते. म्हणजे भिंतीतच काहीतरी तापून सुटत होतं.

आता टेस्टरबद्दल माझं मत ऐका. तो आठ दिव्यांचा टेस्टर क्रम तपासायला उत्तम, बाकी कशालाच नाही. तारेत शे-दोनशे ओहम अडथळा असला तरी त्याचा दिवा आनंदाने लागतो. मी मल्टिमीटर काढला. वरच्या टोकाला एकेक जोडी पिळून शॉर्ट केली आणि खालून मोजली, प्रोबचे ०.३ ओहम वजा करून. केबल २२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४४. केशरी ४.७, हिरवी ४.७, निळी ४.८. तपकिरी १९, मग २३, मग १७. आकडा स्थिरच होईना. दुपारी अडीचला तर मीटरने सरळ 'ओपन' दाखवलं.

चोर सापडला म्हणून चहा करायला उठलो आणि पातेलं गॅसवर ठेवताना दुसरीच गोष्ट लक्षात आली. बाकीच्या तीन जोड्या तरी ४.७ का? २३ गेजची तांब्याची तार १०० मीटरला साधारण ६.७ ओहम. ४४ मीटरला तीनच्या आत यायला हवेत. दीडपटीहून जास्त! पातेलं तसंच ठेवून खाली आलो, उरलेला तुकडा घेतला आणि तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. सीसीए. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

वेष्टनावर ठळक 'कॅट ६' छापलंय, दुकानदाराने "साहेब, प्युअर कॉपर" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. केबलिंगच्या टीआयए ५६८ या मानकात सीसीएला जागाच नाही, ती कॅट ६ म्हणवूच शकत नाही. यावर पीओईचा (नेटच्या केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा चालवायचा माझा बेत होता, ते आठवून घाम फुटला. यापुढे पैसे देण्याआधी टोक खरवडून बघणार, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

पण सगळं पाप त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. भाग ३ मध्ये मी लिहिलं होतं आठवतंय? एल्बोपाशी (पाइपाच्या वळणावर) केबल अडकली होती आणि मेव्हण्याने नि मी भिंतीला पाय लावून ती ओढली होती, वर त्याची बढाईही मारली होती. चार जोड्यांच्या केबलला ओढीची मर्यादा ११० न्यूटन, म्हणजे अकराएक किलो. आम्ही दोघं नव्वद-नव्वद किलोचे. ॲल्युमिनियम तांब्यासारखं ताणत नाही, तुटतं.

केबल काढली. खालून नवव्या मीटरवर, बरोबर एल्बोच्या जागी, वेष्टन चेपून पांढरट झालं होतं. चिरून उघडलं. तपकिरी-पांढऱ्या तारेचं इन्सुलेशन शाबूत आणि आत धातू तुटलेला, दोन्ही टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. भिंत थंड असली की टेकतात, तापली की सुटतात. हाच तो तुकडा.

नवी केबल (खरवडून घेतलेली, जवळपास दुप्पट भावाची) यावेळी शहाण्यासारखी घातली. जुनी केबल बाहेर काढतानाच तिच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधून पाइपात घेतली. मग त्या दोरीला नवी केबल : वेष्टन सोलून दोनच जोड्या दोरीत गुंफल्या, बाकीच्या मागेपुढे कापल्या आणि टेप उंदराच्या शेपटीसारखी निमुळती गुंडाळली. मागच्या वेळी तिथे लिंबाएवढी गाठ होती. दोरीच्या खालच्या टोकाला प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा अडकवला. मेव्हणा खाली काट्यावर, मी वर केबल सोडायला. एल्बोपाशी काटा चौदावर गेला आणि तो ओरडला, "दाजी, थांबा!" थांबलो, दीड हात मागे घेतली, पाइपात कॅरमचं उरलेलं शंखजिरं फुंकलं, पुन्हा ओढली. सहा-सात किलोत सरसर खाली. असं सुख कॅरममध्ये राणी घेतल्यावरही मिळत नाही.

केबलबरोबर रिकामी दोरीही आत सोडून ठेवली आहे. वायरमन काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "दोरी सोडून ठेव रे," आणि मी ऐकलं नव्हतं. त्यांचा दुसरा सल्ला, विजेच्या पाइपातूनच नेट न्यायचा, तो मात्र आजही ऐकणार नाही.

नव्या केबलचे चारही आकडे २.९ ते ३.० ओहम. काल दुपारी तीन वाजता, भिंत चांगली तापलेली असताना, वेग मोजणाऱ्या आयपर्फने ९४१ मेगाबिट दाखवले. स्क्रिप्ट अजून चालू आहे, अजून एकदाही घसरण नाही.

पुढचा बेत मात्र हे लिहिता लिहिताच बदलला. वरच्या खोलीतून अंगणापलीकडच्या शेडपर्यंत कॅट ६ उघड्यावरून न्यायची ठरवली होती, केबलही मागवणार होतो. पण वळवाच्या पावसातल्या विजा आणि घरातून बाहेर लोंबणारं तीस मीटर तांबं, नको. फायबरच टाकतो. सिंगल मोड ड्रॉप केबल, आत स्टीलची तार नसलेली, एफआरपी (फायबरग्लासच्या प्लॅस्टिक) दांडीची, आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टरची (तांबं-फायबर जोडणाऱ्या डब्यांची) जोडी, एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर बोलणारा आणि दुसरा १५५० वर. तयार टोकांची केबल घ्यायची की इथल्या नेटवाल्या पोराकडून टोकं स्प्लाइस करून (वितळवून जोडून) घ्यायची, एवढंच ठरायचंय. कुणी तयार टोक पाइपातून ओढलं असेल तर सांगा, कनेक्टर २० मिमीच्या बेंडमधून जातो का?

जुनी बावीस मीटर सीसीए बाबांनी मागून नेली. दोडक्याच्या वेलाला मांडव करताहेत.